अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहाजवळ एकाच दिवसात पायोनियर लोकांचं, म्हणजे तिथे सुरुवातीला वस्ती करायला आलेल्यांचं, काय बघावं?

बिअॅट्रिस गावाजवळचं होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क बघा, ओमाहाहून गाडीने पावणेदोन-दोन तास लागतात आणि तिकीट नाही. कारण १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकार १६० एकर जमीन देत होतं, पाच वर्षं तिथे राहून कसायची ही मुख्य अट, आणि डॅनियल फ्रीमनने १ जानेवारी १८६३ ला, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी जी जमीन घेतली तीच ही जागा. मी दोनदा गेलोय. सगळ्यात जास्त लक्षात राहते ती १८६७ ची पामर-एपर्ड केबिन, जेमतेम १४ बाय १६ फुटांची एक खोली आणि त्यात दहा मुलांचं घर! आत उभं राहून बघाच. मग बाहेरचे पत्र्यातून कापलेले राज्यांचे आकार, प्रत्येकात त्या राज्याची किती जमीन अशी वाटली गेली तेवढं भोक पाडलंय, आकडे वाचण्यापेक्षा हे पटकन कळतं. थोडं पुढे फ्रीमन स्कूल आहे, १८७२ ची एका खोलीची विटांची शाळा.

एक मात्र आहे, ही जमीन रिकामी पडलेली नव्हती, या भागात आधी ओटो-मिसूरिया लोक होते, तेव्हा म्युझियममधला आदिवासींचा भाग घाईत सोडू नका.