वाचकांचे प्रश्न : स्टेलनबॉशची रेड आणि आपला उकाडा

प्रश्न (ऐरोली) : भाच्याने केपटाऊनहून येताना तिथल्या जवळच्या स्टेलनबॉश या वाइनच्या भागातल्या रेड वाइनच्या दोन बाटल्या आणल्या, एक पिनोटाज आणि एक कॅबर्ने सोव्हिन्यॉं. पिनोटाज उघडली तर पिकल्या केळ्याचा आणि थोडा नेलपॉलिशचा वास आला. बाटली बिघडली का?

उत्तर : केळ्याच्या वासाला घाबरू नका, नेलपॉलिशचा वास मात्र तपासून बघा. पिनोटाज हा वाण स्टेलनबॉशचाच. 1925 मध्ये तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो यांचा संकर केला. सँसोला तेव्हा तिकडे हर्मिटेज म्हणत, म्हणून पिनोचा ‘पिनो’ आणि हर्मिटेजचा ‘टाज’. या द्राक्षात साखर भरपूर भरते आणि रस झपाट्याने आंबतो. आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट हे वासाचं रसायन जास्त तयार होऊ शकतं. पिकल्या केळ्याचा वासही त्याचाच. नेलपॉलिशचा वास इथाइल ॲसिटेटचा. तो व्हिनेगरच्या बिघाडासोबत येतो.

आता तपासणी. ऐरोलीत घरातलं तापमान तीसच्या आसपास असतं. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल आणि असे वास आधी उसळतात, फळाचा वास मागे राहतो. रेड ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे. आपल्याला 16 ते 18 अंश हवेत. त्यासाठी बाटली फ्रिजमध्ये सव्वा ते दीड तास ठेवा. पुस्तकात वाचलेली अर्ध्या तासाची युक्ती इथे पुरत नाही. घाई असेल तर बर्फ आणि पाणी मिळून भरलेल्या बादलीत मानेपर्यंत बुडवा, पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फाने चालत नाही, खड्यांच्या मधली हवा गारवा पोचू देत नाही.

मग मोठ्या ग्लासाचा तिसरा हिस्सा भरेल एवढी ओता, गोल फिरवा, वीस मिनिटं थांबा. आलुबुखार आणि धुराचा वास पुढे आला तर वाइन ठीक. नेलपॉलिशचा वास तसाच राहिला आणि जिभेवर व्हिनेगरचा आंबटपणा आला, तर बाटली गेली. ती आता सुधारणार नाही, हवेत ठेवून तर आणखीच बिघडेल.

कॅबर्ने मात्र तासभर आधी भांड्यात ओतून ठेवा. तिचा तुरटपणा कोवळ्या वयात फार टोचतो.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : लेबलवर काय बघायचं?

उत्तर : ‘वाइन ऑफ ओरिजिन स्टेलनबॉश’ असं असेल तर सगळी द्राक्षं त्याच भागातली. ही पद्धत 1973 पासून आहे. एकाच वाणाचं नाव असेल तर त्यात तो किमान 85 टक्के, वर्षाचंही तसंच. ‘केप ब्लेंड’ म्हणजे अनेक वाणांची मिश्र वाइन, पण त्या नावाला कायद्याची व्याख्या नाही. साधारण समज असा, की त्यात पिनोटाजचा बऱ्यापैकी हिस्सा असावा, पण तो शब्द पाहून पैसे मोजू नका. मागचं लेबल वाचा.

वर्ष वाचताना एक गंमत लक्षात ठेवा. तिकडे तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिकसारखीच. त्यामुळे त्याच सालच्या युरोपी वाइनपेक्षा ही सहाएक महिन्यांनी मोठी. सिमोन्सबर्ग किंवा हेल्डरबर्ग या तिथल्या डोंगरांच्या उतारांवरची कॅबर्ने पहिली घ्या. विघटित ग्रॅनाइटची माती आणि खाली फॉल्स बे या उपसागराकडून येणारा वारा, यात स्टेलनबॉशची कॅबर्ने खरी खुलते. मर्लो आणि शिराझ या वाणांच्या रेडही तिथे बऱ्या होतात, पण पहिली पसंती आमची तीच.

प्रश्न (नेरूळ) : आगरी मटण आणि तांदळाची भाकरी असेल तर कुठली?

उत्तर : झणझणीत रश्शाला कॅबर्ने नको. तिखट आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) एकत्र आले की तोंड पेटतं, शिवाय 14 टक्के अल्कोहोल त्यात तेल ओततं. त्यापेक्षा हलकी सँसो 13-14 अंशांवर गार करून घ्या. मटण सुकं किंवा शेकोटीवरचं असेल तर पिनोटाज जमते. बोंबील तळले असतील तर रेडचा विचार सोडून द्या. वाइनमधल्या लोहाने माशाचा हिवसा वास उठतो.

उरलेली बाटली बूच लावून, उभी, फ्रिजमध्ये. तीन दिवस चालते. न उघडलेली बाटली माळ्यावर ठेवायची असेल तर मार्चचा उकाडा येण्याआधी पिऊन टाका.