दोघंच निघताय ना, मग घाई नको

क्रोएशियात शिडाची नौका घेऊन स्प्लिटहून आठ दिवसांत दुब्रोव्हनिक गाठायचा बेत आधी सोड. पहिल्याच खेपेला दोघांनी दिवसाला १५-२० समुद्री मैल पुष्कळ झाले. ब्राच, ह्वार, व्हिस ही बेटं करून परत या. कोर्चुला पुढच्या वेळी.

उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून मेस्त्राल वारा वाहतो, शिडाला तोच सोन्यासारखा. पण 'बुरा' हा वारा ईशान्येच्या डोंगरांवरून अचानक कोसळतो, आभाळ निरभ्र असतानासुद्धा. अंदाजात त्याचं नाव दिसलं की बंदरातच थांबायचं, बायकोने कितीही फोटो काढायचे म्हटले तरी.

खरी परीक्षा धक्क्याला लागताना. तिथे नौका पाठमोरी लावतात. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने धक्क्यावरून पाण्यात गेलेला चिखलाळ दोर आकडीने उचलून नौकेच्या नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे न्यायचा. हातमोजे घाल, दोराला शिंपले चिकटलेले असतात. माझा तळवा पहिल्याच संध्याकाळी फाटला होता. आणि इंजिनच्या आवाजात ओरडू नका, हाताच्या खुणा आधीच ठरवा. आमचं निम्मं भांडण तिथेच मिटलं.

चालक न घेता नौका हवी तर परवाना आणि रेडिओचं प्रमाणपत्र लागतंच. २०२३पासून तिथे युरो आणि शेंगेन व्हिसा चालतो.