सोसायटीतला आंबा शेंड्याकडून वाळतोय, मुंबईच्या दमट हवेत कुठलं औषध मारू?

तुम्ही विचारलंय की आवारातला पंधरा वर्षांचा आंबा शेंड्याकडून वाळत चाललाय, पानं गळतायत, खोडावर डिंक आलाय, हवेत एवढा दमटपणा असताना पाणी कमी पडायचा तर प्रश्नच नाही, मग फवारू काय. मी काही अ‍ॅग्रीवाली नाही, पण मुलुंडला आमच्या सोसायटीतल्या चौदा झाडांचं खातं गेली आठ-नऊ वर्षं माझ्याच गळ्यात आहे (मीटिंगला उशिरा गेलं की असं होतं), त्यामुळे चुका करून जे कळलं ते सांगते.

औषध राहू दे बाजूला. आधी बुंध्याशी जाऊन चक्क खाली बसा आणि बघा माती किती दिसतेय ते. माझा अंदाज, दिसतच नसेल.

आमच्याकडे 2016 ला पार्किंगसाठी अख्ख्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, खाली कच टाकून वरून रोलर फिरवला, आणि काँट्रॅक्टरने ब्लॉक असे काही फिट केले की आंब्याच्या बुंध्याला नख जायला जागा नाही. सगळे म्हणाले काय क्लीन दिसतंय! दोन पावसाळे झाडाने काही तक्रार केली नाही, तिसऱ्यानंतर शेंडे वाळायला लागले, मग आम्ही तीनदा फवारणी केली, दर वेळी वेगळं औषध, दर वेळी वर्गणी. शेवटी आमचे माळीमामा, मूळचे राजापूरचे, ते वैतागून म्हणाले ताई वर काय बघताय, दुखणं खाली आहे. पहारीने चार ब्लॉक उचकटले तर खालची माती काळीशार, गटारासारखा वास, आणि मामांनी एक बारीक मूळ धरून नुसतं ओढलं तर साल मोज्यासारखी हातात निसटून आली, आत नुसता दोरा. ते बघितल्यावर फवारणीचं नाव कोणी काढलं नाही.

होतं असं की मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. मुंबईत चार महिन्यांत 2000 मिमीच्या वर पाऊस पडतो, तो ब्लॉकच्या फटींतून खाली उतरतो आणि दाबून बसवलेल्या मातीत तुंबून राहतो, हवा संपते, मुळं गुदमरतात आणि मग सडवणाऱ्या बुरशीचं फावतं. ऑक्टोबर हीटपासून पुढे उलट, वरून सिमेंट तापतंय आणि खाली पाण्याचा थेंब पोचत नाही. म्हणजे तेच झाड चार महिने बुडतंय आणि आठ महिने तहानलेलं. तुमच्या दमट हवेचं म्हणाल तर त्या दमटपणाचा फायदा बुरशीला होतो, झाडाला नाही. झाड पितं मुळांनी, आणि पानं मात्र तासन्‌तास ओली राहिली की करपा आलाच म्हणून समजा.

तर पहिलं काम, बुंध्याभोवती निदान एक मीटर मोकळं करा, सगळीकडून. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच झाडांभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, कमिटीत कोणी आडवा आला तर हे सांगा, आमच्याकडे उपयोग झाला. अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर तोडायचं नाही, बाजूने खणायचं. पाणी साचत असेल तर चर काढून बाहेर द्या. वर वाळक्या पानांचा तीन-चार इंच थर, पण खोडापासून वीतभर लांब, कारण सालीला ओलं चिकटून राहिलं की साल कुजते. ती खोडाला माती चढवून सुंदर पार बांधायची हौस असते ना लोकांना, तीही याच कारणाने वाईट.

पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण भरपूर आणि सावकाश, आणि बुंध्यावर नाही तर फांद्यांचा घेर संपतो तिथे, कारण पाणी ओढणारी बारीक मुळं बरीचशी तिकडेच असतात. रोज संध्याकाळी पाईपने खोडाला आंघोळ घालणारे एक काका आमच्याकडे आहेत, त्यांना अजून पटलेलं नाही. मोहर यावा म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडतात ते खरं आहे, पण आजारी झाडाला या वर्षी आंब्यासाठी उपाशी ठेवू नका.

आता शेंडे. वाळलेल्या भागाच्या खाली तीन इंच, हिरवं लाकूड लागेल तिथून कापायचं, कोरड्या दिवशी, आणि दर कापानंतर करवत स्पिरिटने पुसायची, नाहीतर रोग तुम्हीच एका फांदीवरून दुसरीवर नेता. मात्र मुंबईत स्वतःच्या आवारातल्या झाडाची छाटणी असली तरी महापालिकेची परवानगी लागते, 1975 चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, तेव्हा आधी उद्यान विभागात अर्ज टाका. कापाच्या जागी बोर्डो पेस्ट लावा, ती घरी होते. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत (लोखंडी अजिबात नको), मग एकत्र ढवळायचं आणि त्यात घासलेला खिळा मिनिटभर बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना अजून घाला. त्याच दिवशी संपवा. डिंक येतोय तिथे सैल झालेली साल खरवडून हीच पेस्ट.

डिंकाजवळ लाकडाचा भुसा दिसला तर मात्र तो खोडकिडा. भोकात सायकलची तार घालून फिरवायची, आमच्याकडे अंगठ्याएवढी पांढरी अळी निघाली आणि वॉचमनची मुलगी किंचाळून पळाली. नाही निघाली तर पेट्रोलचा कापूस आत सारून भोक चिखलाने लिंपा. आणि बुंध्यावर मशरूमसारखे कडक पंखे उगवले असतील तर आत लाकूड कुजतंय, तिथे घरगुती उपाय नकोत, जाणकाराला दाखवा आणि खाली गाड्या लावू नका.

अजून एक, मे महिना आला की घाऊक छाटणी करून झाडाचा खांब करायची पद्धत आहे, नाहीतर वायरच्या बाजूचं तेवढं छाटतात आणि झाड एका बाजूला कलतं. तौक्ते वादळात, 17 मे 2021 ला, आमचा गुलमोहर पडला तो वाऱ्याने कमी आणि आधीच्या वर्षी कुणीतरी चर खणताना त्याची एका बाजूची मुळं साफ तोडली होती त्याने जास्त. एका स्कूटरचा चुराडा, बाकी काही नाही, नशीब.

तुमच्या झाडाला नवीन पालवी दिसायला वर्ष जाईल, आमच्याला दोन गेली. आणि हो, पहार मारायच्या आधी खालून गॅसची पाईप, केबल काय काय गेलंय ते विचारून घ्या. आम्ही विचारलं नाही, केबल तुटली, अख्ख्या बी विंगची फायनलची मॅच गेली, आणि त्याची बोलणी मी अजून लिफ्टमध्ये खातेय.