तिचं ताट मोजू नकोस

अगं, लेकीला पीसीओएस, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास, निघाला म्हणून घरातले पोहे-जिलबी बंद केलेस, ते समजतं मला. मीही तेच केलं होतं. माझी मुलगी दिवसभर उपाशी राहायची आणि रात्री ओट्यापाशी उभ्यानेच शेव, पोळी, हाताला लागेल ते संपवायची. मग रडायची. मी तिला हावरट म्हणाले, ते अजून सलतं.

पीसीओएसमध्ये अनेकींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्यात उपास घडले की भूक उसळतेच. पीसीओएसबद्दलच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही कुठलाच एक आहार सरस ठरवलेला नाही. उलट बिघडलेल्या खाण्याकडे लक्ष द्या, असं डॉक्टरांना सांगितलंय.

वजनकाटा आधी उचलून ठेव. सकाळी पोहे दे, वर जीरावन मसालाही घाल, सोबत मोडाची मटकी. मैत्रिणींबरोबर सराफ्याला, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जाऊ दे. ‘बारीक हो, पाळी येईल’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना तूच थांबव.

लपून खाणं, जेवल्यावर मुद्दाम उलट्या, चक्कर यांतलं काही दिसलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, आजच लिहून ठेव.