वाचकांचे प्रश्न: प्लग बसतो, पण अक्षर उमटत नाही

जुन्या यांत्रिक कीबोर्डांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या दोन प्रश्नांत बहुतेकांच्या अडचणींचे मूळ असल्यामुळे त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न: माझ्याकडे १९८९ साली बनलेला आयबीएमचा ‘मॉडेल एम’ कीबोर्ड आहे. त्याच्या गोल, सहा पिनांच्या प्लगला एका जुन्या माऊसबरोबर आलेला छोटा ॲडॉप्टर लावून मी तो नव्या संगणकाच्या यूएसबी पोर्टला जोडला. क्षणभर तिन्ही दिवे लागून विझले, परंतु एकही अक्षर उमटले नाही. कीबोर्ड बिघडला असे समजावे काय?

उत्तर: नाही. उलट, दिवे लागून विझले ही चांगली खूण आहे. कीबोर्डच्या पोटात त्याचा स्वतःचा एक लहानसा प्रोसेसर असतो. वीज मिळताच तो स्वतःची तपासणी करतो आणि त्या वेळी दिवे एकदा लुकलुकतात. म्हणजे आपल्या कीबोर्डला वीज पोहोचते आहे आणि त्याचा मेंदूही शाबूत आहे. तो बोलतो आहे, पण समोरच्या संगणकाला ती भाषा कळत नाही.

सहा पिनांचा हा गोल प्लग १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर आला आणि त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्यातून कीबोर्ड प्रत्येक संकेत अकरा बिटांत पाठवतो: एक आरंभाचा, आठ माहितीचे, एक पडताळणीचा आणि एक शेवटचा. या बिटांचा ठेका धरण्यासाठी वेगळी घड्याळाची तार असते आणि तो ठेका कीबोर्ड स्वतः देतो. कळ दाबली की कीबोर्ड आपण होऊन बोलतो. यूएसबीची रीत नेमकी उलटी आहे. तेथे संगणक ठरावीक अंतराने विचारतो आणि विचारल्यावरच कीबोर्डने उत्तर द्यायचे असते. आपण वापरलेल्या ॲडॉप्टरमध्ये या दोन रीतींचा मेळ घालणारे काहीच नाही; त्यात एका बाजूच्या पिना दुसऱ्या बाजूच्या पिनांना तारांनी जोडलेल्या आहेत, इतकेच. असे ॲडॉप्टर निघाले ते संक्रमणाच्या काळातील अशा माऊस-कीबोर्डांसाठी, ज्यांच्या चिपला दोन्ही भाषा येत होत्या. आपला कीबोर्ड यूएसबीच्या आधी जन्मलेला आहे; त्याला दुसरी भाषा येणे शक्यच नाही.

आपल्याला हवा आहे तो सक्रिय कन्व्हर्टर, म्हणजे ज्याच्या आत मायक्रोकंट्रोलर (एका चिपमध्ये मावणारा लहानसा संगणक) बसवलेला असतो असा. मात्र येथेही डोळे मिटून खरेदी करू नये. स्वस्त कन्व्हर्टर नंतरच्या काळातील, कमी वीज खाणाऱ्या कीबोर्डांना समोर ठेवून बनवलेले असतात. सुरुवातीच्या मॉडेल एम कीबोर्डांना त्यांहून बराच अधिक प्रवाह लागतो आणि तो मिळाला नाही तर कीबोर्ड टंकलेखन चालू असतानाच पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतो. दिवे अधूनमधून आपोआप लुकलुकू लागले, एकच अक्षर ओळभर उमटत राहिले किंवा शिफ्टची कळ सोडल्यावरही अडकून राहिली, तर कीबोर्डवर राग काढण्याआधी कन्व्हर्टर बदलून पाहावा. माझा पहिला कन्व्हर्टर दोन ओळी नीट लिहून देई आणि तिसरीत सारी अक्षरे मोठ्या लिपीत काढू लागे. मी आठवडाभर कॅप्स लॉकची कळ उगाचच साफ करीत होतो.

आपल्या संगणकाच्या मदरबोर्डवर गोल पीएस/२ पोर्ट असेल, तर कन्व्हर्टरची गरजच नाही. काही मदरबोर्डांवर ते आजही देतात. मात्र यूएसबीप्रमाणे चालू संगणकाला हा प्लग लावू किंवा काढू नये. त्या पोर्टची रचना त्यासाठी केलेली नाही, म्हणून आधी संगणक पूर्ण बंद करावा.

प्रश्न: माझा कीबोर्ड त्याहून जुना असावा. त्याचा प्लग मोठा, पाच पिनांचा आहे; एफ१ ते एफ१० या कळा डावीकडे दोन उभ्या रांगांत आहेत आणि दिवे मुळीच नाहीत. पाच पिनांवरून सहा पिनांवर नेणारा ॲडॉप्टर आणि त्यापुढे एक चांगला सक्रिय कन्व्हर्टर लावूनही काही होत नाही. याच जोडणीवर मित्राचा पाच पिनांचा कीबोर्ड उत्तम चालतो.

उत्तर: आपल्या वर्णनातच उत्तर आहे. डावीकडच्या फंक्शन कळा आणि दिव्यांचा अभाव ही १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीबरोबर आलेल्या ८३ कळांच्या कीबोर्डची लक्षणे आहेत. हा घाट एक्सटी या नावाने ओळखला जातो. १९८४ मध्ये आयबीएमने एटी संगणक आणला, तेव्हा कीबोर्डची भाषा बदलली पण प्लग तोच ठेवला. त्या एका निर्णयाने आजवर किती चांगले कीबोर्ड भंगारात गेले असतील, याची कल्पनाच करवत नाही. एटीच्या कीबोर्डवरही फंक्शन कळा डावीकडेच आहेत. परंतु त्यावर तीन दिवे आहेत आणि अंकांच्या कळा मुख्य कळांपासून जागा सोडून वेगळ्या बसवल्या आहेत. मित्राचा कीबोर्ड त्या घराण्यातील किंवा त्यानंतरचा असणार. एटी आणि पीएस/२ यांची भाषा एकच असल्यामुळे त्याला केवळ प्लग बदलून चालते.

एक्सटीची भाषा एकतर्फी आहे. कीबोर्ड संकेत पाठवतो. संगणक त्याला दिवा लाव, असे काही सांगू शकत नाही, म्हणून दिवेही नाहीत. पडताळणीचा बिट नाही आणि संकेतही निराळे आहेत. ‘ए’ ही कळ दाबली की एक्सटी कीबोर्ड ‘१ई’ पाठवतो आणि सोडली की ‘९ई’ (हे संगणकाच्या सोळा अंकी पद्धतीतले आकडे आहेत). त्याच कळेसाठी एटी कीबोर्ड दाबताना ‘१सी’ आणि सोडताना ‘एफ०’ व त्यामागून पुन्हा ‘१सी’ असे दोन संकेत पाठवतो. तेव्हा कन्व्हर्टर घेताना त्याच्या वर्णनात एक्सटीचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, एवढे पाहावे. एक शक्यता मात्र आधी तपासून घ्यावी: इतर कंपन्यांच्या त्या काळातील अनेक कीबोर्डांच्या पाठीवर एक्सटी आणि एटी असे लिहिलेली छोटी सरकपट्टी असते. ती असेल, तर काम नखाने पट्टी सरकवण्याइतकेच आहे.

तयार कन्व्हर्टर मिळत नसेल आणि हाती सोल्डरिंगची सवय असेल, तर तो घरी बनवणे अवघड नाही. एटीमेगा३२यू४ हा मायक्रोकंट्रोलर असलेला लहान बोर्ड घ्यावा, कारण तो पाच व्होल्टवर चालतो आणि त्याला यूएसबी थेट बोलता येते. रास्पबेरी पाय पिको यासारखे बोर्ड ३.३ व्होल्टचे असतात. त्यांना जुन्या कीबोर्डच्या तारा थेट जोडू नयेत, मध्ये व्होल्टेज बदलणारे सर्किट घालावे. बोर्डमध्ये भरण्यासाठी सोअरर्स कन्व्हर्टर किंवा टीएमके यांपैकी एक फर्मवेअर (म्हणजे चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) मोफत मिळते आणि दोन्हींना एक्सटी येते. जोडायच्या तारा मोजून चार: पाच व्होल्ट, ग्राउंड, घड्याळ आणि माहिती. काही कीबोर्डांना रीसेटची पाचवी तारही लागते.

खरा धोका पिना मोजण्यात आहे. पाच पिना अर्धगोलात ओळीने बसलेल्या दिसतात, पण त्यांचे क्रमांक ओळीने नाहीत. एका टोकापासून ते १, ४, २, ५, ३ असे लागतात. पहिली पिन घड्याळाची, चौथी ग्राउंडची, अगदी मधली म्हणजे दुसरी माहितीची, पाचवी पाच व्होल्टची आणि तिसरी रीसेटची. शिवाय प्लग समोरून पाहिला की जो क्रम दिसतो, त्याच्या उलटा क्रम सोल्डरच्या बाजूने दिसतो. ग्राउंड आणि पाच व्होल्ट यांची अदलाबदल झाली, तर चार दशके टिकलेली चिप क्षणात जाईल. म्हणून कीबोर्ड लावण्याआधी रिकाम्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर धरून चौथ्या आणि पाचव्या पिनेत पाच व्होल्ट योग्य दिशेने येतात का, हे पाहावे.

प्रश्न: मॉडेल एमवर विंडोजची कळ नाही. तिच्याशिवाय अडते. शिवाय या कीबोर्डवर देवनागरी लिहिता येईल काय?

उत्तर: येईल. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. कोणत्या जागेची कळ दाबली, एवढाच क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचे अक्षर संगणक करतो, म्हणून कळेवर काय छापले आहे याच्याशी लिपीचा संबंध नाही.

विंडोजची कळ विंडोज ९५ च्या सुमारास रूढ झाली. स्टार्ट मेनूसाठी कंट्रोल आणि एस्केप एकत्र दाबले तरी भागते, परंतु विंडोजच्या कळेबरोबर चालणारे इतर शॉर्टकट त्याने होत नाहीत. त्यासाठी सहसा न लागणाऱ्या कॅप्स लॉकला ते काम द्यावे. हा बदल संगणकात करण्यापेक्षा कन्व्हर्टरच्या फर्मवेअरमध्ये करणे मला अधिक पसंत आहे, कारण मग कीबोर्ड कोणत्याही संगणकाला जोडला तरी तो बदल त्याच्याबरोबर जातो.

प्रश्न: ॲपलच्या जुन्या एक्स्टेंडेड कीबोर्डला वरील कन्व्हर्टर चालतील काय? त्याची कॅप्स लॉकची कळ दाबली की खालीच राहते. ती बिघडली आहे का?

उत्तर: ते चालणार नाहीत. ॲपलचे हे कीबोर्ड एडीबी या निराळ्या पद्धतीचे आहेत. त्यात माहितीची एकच तार असते आणि संगणकच विचारणा करतो. एडीबीसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो. टीएमके फर्मवेअरमध्ये त्याचीही सोय आहे. केबल हरवली असेल, तर चार पिनांची एस-व्हिडिओची केबल तिच्या जागी चालते. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशचा कीबोर्ड मात्र एडीबीचा नाही. त्याची गुंडाळीची तार टेलिफोनच्या रिसीव्हरच्या तारेसारखी दिसते, म्हणून तीच लावण्याचा मोह होतो. पण टेलिफोनच्या तारेत जोडण्या उलटसुलट असतात आणि तिने कीबोर्डला इजा होऊ शकते.

कॅप्स लॉकची कळ बिघडलेली नाही. ती मुद्दामच खाली अडकून राहणारी बनवली आहे. ती खाली गेली की कीबोर्ड ‘दाबली’ असे कळवतो आणि पुन्हा दाबून वर आली की ‘सोडली’ असे. आजचा संगणक प्रत्येक दाबण्याला स्थिती बदलतो, सोडण्याकडे लक्ष देत नाही. त्यामुळे कळेची स्थिती आणि पडद्यावरची अक्षरे यांचा मेळ सुटतो. फर्मवेअरमध्ये अडकणाऱ्या कॅप्स लॉकसाठी असलेला पर्याय चालू केला, की कन्व्हर्टर वर येण्याच्या वेळीही एक दाबणे पाठवतो आणि हिशेब जुळतो.