टोळीत मिठाआधी गोळ्यांचं विचारा

ताई, कर्नाटकातल्या रायबागकडच्या ऊसतोड टोळीत तुम्ही हृदय जपायच्या खाण्याबद्दल सांगता, बायका ‘व्हय व्हय’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, तोच खारट खर्डा, तेच लोणचं. वाचलं आणि तिकडच्याच निपाणीजवळच्या थळावरचा, म्हणजे टोळीच्या मुक्कामावरचा, माझा पहिला हंगाम आठवला. बीडकडची टोळी होती, वीस कोयते, म्हणजे वीस जोड्या.

आहाराचा तक्ता कुठला वापरू, असं तुम्ही विचारलंय. त्यावर येते, पण आधी तुमचं एक वाक्य खटकलं ते सांगते: ‘खाण्यानं बीपी आटोक्यात येतं हे समजावतो.’ मीही अगदी हेच म्हणायचे. टोळीतल्या पन्नाशीच्या एका मावशींनी ते मनावर घेतलं. लोणचं सोडलं, खर्ड्यात मीठ चिमूटभर. मला केवढा आनंद! गावाहून आणलेल्या त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या डिसेंबरातच संपल्या होत्या, हे मी कधी विचारलंच नाही. त्या एक दिवसाची मजुरी बुडवून इथल्या एका दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. कागद बघून ‘हे तिकडचं, गोळ्या तिकडूनच घ्या’ असं कन्नडमध्ये सांगून त्यांना परत पाठवलं. तिकडं म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर. मग मावशींनी विचार केला, ताई म्हणतात खाण्यानं भागतं, गोळ्या कशाला? फेब्रुवारीत डोक्यावर मोळी असताना त्यांना लकवा मारला. उजवा हात अजून चालत नाही.

त्या दवाखान्यावरचा माझा राग आजही गेलेला नाही. गोळी आठ पैशांची असो की आठ रुपयांची, तिची एक पट्टी दिली असती तर काय बिघडलं असतं? पण ‘आहार चालू, गोळीही चालू’ हे चार शब्द मी बोलले नव्हते, ते माझ्याकडंच राहतं.

आता नवी टोळी उतरली की पहिल्या दिवशी गोळ्यांची पिशवी बघायला मागते. किती दिवसांच्या उरल्यात ते मोजते, कागदाचा आणि पट्टीचा फोटो काढून ठेवते. गावच्या आशाताईंना, म्हणजे ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तीला, बरोबर घेऊनच सरकारी आरोग्य उपकेंद्रात जाते. तिशीपुढच्यांचा रक्तदाब तिथं फुकट मोजतात, आणि गावचं माणूस सोबत असलं की उत्तरही बदलतं. हा माझा अनुभव, सगळीकडं असंच असेल असं नाही. मी डॉक्टरही नाही.

तक्ता माझ्या मते नकोच. मला मिळालेल्या तक्त्यात ओट्स, सॅलड आणि दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खाणं होतं. पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी बाई फडात पाच वेळा कुठं बसणार? त्यापेक्षा मिठाची पुडी हातात घ्या. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, लोणच्या-शेवेतलं धरून. म्हणजे एका कोयत्याला, दोघांना, किलोची पुडी शंभर दिवस पुरायला हवी. आमच्या टोळीत ती दीड महिन्यात संपायची. हे गणित बायकांना लगेच पटतं, कारण पुडी त्याच आणतात. मार्चच्या उन्हात घाम गाळणाऱ्यांचं मीठ मात्र एकदम तोडू नका.

भाकरीला हात लावायची गरजच नाही, तिच्यात मीठ नसतं. खर्ड्याच्या जोडीला जवसाची चटणी सुचवा. ती बीडकडंही करतात, आपल्याकडंही, त्यामुळं ‘हे आमचं न्हाई’ असं कुणी म्हणत नाही. हंगामात हरभऱ्याचा कोवळा पाला मिळतो, शेतमालकाला विचारून खुडू द्या. तेलावर मी वाद घालत नाही. पामतेलात निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे हृदयाला बरी नसणारी, असते हे खरं, पण आठवड्याच्या खर्चीत, म्हणजे खर्चाला मिळणाऱ्या पैशांत, शेंगतेल बसत नाही. बाजारादिवशीची भजी आणि फरसाण कमी झालं तरी मोठं काम होतं.

आणि ते कमी सोडियमचं मीठ उत्साहानं वाटू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं.

उद्या गेलात की आधी पिशव्या बघा, आणि किती जणींच्या गोळ्या संपलेल्या निघाल्या ते इथं लिहा.