पन्नाशी ओलांडलेल्या मोटारीला रस्ता कर माफ असावा का?
वडिलांची 1968 सालची फियाट दादरला जपून ठेवली आहे, तिला करमाफी मिळेल का, असे आपण विचारले आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या, सांगाडा आणि इंजिनात मोठा बदल न केलेल्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, जुना क्रमांकही राखता येतो. मात्र मग ती प्रदर्शन, रॅली, इंधन व दुरुस्ती अशा मोजक्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. ही नोंदणी म्हणजे करमाफी नव्हे. ब्रिटनमध्ये मात्र 40 वर्षांनंतर अर्ज केल्यास वार्षिक कर माफ होतो. वर्षातून चारदा मरीन ड्राइव्हवर फिरणाऱ्या गाडीवर रोज धावणाऱ्या जुन्या गाडीइतकाच भार टाकणे मला अन्यायाचे वाटते. कर वयापेक्षा अंतरावर आणि धुरावर बेतलेला असावा.